व्यक्तिस्वातंत्र्याचे कैवारी : गोपाळ गणेश आगरकर

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी सूचना संपादक मंडळाने आम्हांस केली. आम्ही छत्तीस वर्षे शाळेत मुले शिकविली. लेखक म्हणून आमचा लौकिक नाही. तथापि मंडळाचा शब्द मोडणे बरे दिसेना, म्हणून हे चार शब्द ज्ञातिबंधू व भगिनींपुढे ठेवीत आहोत. गोपाळ गणेश आगरकर हे आपल्या ज्ञातीचे नव्हत. मग आपल्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर लेखाच्या अखेरीस आपोआप मिळेल, अशी आम्हांस आशा आहे.

आगरकरांचे नाव मराठी चौथी शिकलेल्या मनुष्यासही ठाऊक असते. पुण्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. परंतु नाव ठाऊक असणे निराळे आणि त्या मनुष्याने काय सांगितले ते ठाऊक असणे निराळे. समाजसुधारक ही एकच पाटी आपण त्यांच्या तसबिरीखाली लावून ठेवली आहे. बालविवाह, केशवपन, सोवळेओवळे या रूढींवर त्यांनी प्रहार केले, एवढे परीक्षेपुरते सांगितले की आपले काम संपते. पण या सर्व प्रहारांच्या मुळाशी एकच विचार होता. प्रत्येक मनुष्य, मग तो पुरुष असो वा स्त्री, आपल्या आयुष्याचा धनी आहे. दुसऱ्याचे नुकसान होत नाही तोवर त्याने कसे राहावे, काय मानावे, कोणाशी लग्न करावे हे ठरविण्याचा अधिकार सरकारला नाही, तसाच तो जातीला, गावाला किंवा भाऊबंदांनाही नाही. या विचारासच आपण व्यक्तिस्वातंत्र्य म्हणतो. हा विचार पुस्तकांच्या वाटेने आगरकरांपर्यंत कसा आला आणि वर्तमानपत्राच्या वाटेने त्यांनी तो महाराष्ट्रापर्यंत कसा पोहोचविला, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या कृष्णाकाठच्या लहानशा गावी झाला. टेंभू हे नाव आज उपसा सिंचन योजनेमुळे दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या तोंडी असते. पण त्या गावाने महाराष्ट्राला पाण्याच्या आधी विचार दिला, हे विसरता कामा नये. घरी अठराविश्वे दारिद्र्य होते. शिक्षणासाठी कऱ्हाडास राहावे लागले. तेथील शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. कचेरीत उमेदवारी करून पाहिली. शिकण्याच्या ओढीने हा मुलगा कऱ्हाडाहून रत्नागिरीपर्यंत पायी गेला. तेथे सोय लागली नाही म्हणून परत आला. दवाखान्यात औषधे देण्याचेही काम त्याने केले. अखेर वऱ्हाडात अकोल्यास नातलगांकडे आश्रय मिळाला. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे गुणज्ञ शिक्षक लाभले. वऱ्हाड समाचार या पत्रात लिहून चार पैसे मिळवावेत व अभ्यास करावा, असा क्रम सुरू झाला. १८७५ साली आगरकर मॅट्रिक झाले आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

कॉलेजातील त्यांच्या हलाखीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. अंगात घालावयास एकच सदरा. तो रात्री धुवावा, वाळत घालावा आणि सकाळी तोच अंगात चढवावा. आम्ही ही गोष्ट वर्गात पुष्कळ वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी मागच्या बाकावरचा एखादा मुलगा खाली मान घालून बसलेला दिसला. ज्याच्या घरी तशीच स्थिती असते, त्याला ती गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. परंतु या गोष्टीचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. एम. ए. होण्याच्या सुमारास आगरकरांनी आपल्या आईस पत्र लिहिले. मुलगा मोठा पगारदार होईल आणि आपले पांग फेडील, अशी त्या माउलीची आशा असणार. मुलाने कळविले की, भरपूर पगाराच्या मागे आपण लागणार नाही. पोटापुरते मिळाले म्हणजे समाधान मानून उरलेला सर्व वेळ लोकांच्या हितासाठी घालविणार. दारिद्र्यात वाढलेल्या मनुष्याने दारिद्र्य आपण होऊन पत्करणे किती कठीण असते, हे ज्यांनी दारिद्र्य पाहिले आहे त्यांनाच कळेल.

डेक्कन कॉलेजातच त्यांच्या हाती ती पुस्तके आली, ज्यांनी त्यांच्या मनाची घडण केली. त्या काळी इंग्रजी शिकलेल्या तरुणांत जॉन स्टुअर्ट मिल व हर्बर्ट स्पेन्सर या दोन ग्रंथकारांचा मोठा बोलबाला होता. मिल हा लंडनचा. जन्म १८०६ चा. मौजेची गोष्ट अशी की, हा स्वातंत्र्याचा तत्त्वज्ञ पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीस होता आणि हिंदुस्थानकडे जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे तयार करीत होता. १८५८ साली त्याची पत्नी हॅरिएट परदेशी मरण पावली. दोघांनी मिळून ज्याच्यावर विचार केला होता, तो स्वातंत्र्यावरील लहानसा ग्रंथ त्याने १८५९ साली तिच्या स्मृतीस अर्पण करून प्रसिद्ध केला. पुढे १८६९ साली स्त्रियांच्या पारतंत्र्यावरील त्याचा ग्रंथ निघाला.

मिलचे म्हणणे थोडक्यात असे. राजाचा जुलूम सर्वांस दिसतो आणि त्याविरुद्ध लोक उठतात. परंतु समाजाचा जुलूम त्याहून खोल जातो. कारण तो तुरुंगात घालीत नाही, तर मनुष्याच्या घरात, स्वयंपाकघरात आणि मनात शिरतो. चारचौघांना जे आवडत नाही ते करणाऱ्याला समाज जगणे नकोसे करून सोडतो. म्हणून मर्यादा घातली पाहिजे ती अशी की, एखाद्याच्या वागण्याने दुसऱ्यास इजा होत असेल तरच त्याला बळाने आवरावे. केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून किंवा आम्हांस रुचत नाही म्हणून त्याच्यावर सक्ती करू नये. त्याला समजवावे, विनवावे, वाद घालावा. पण सक्ती नको. हा नियम वयात आलेल्या माणसांसाठी आहे, लहान मुलांसाठी नाही, असेही मिलने स्पष्ट केले होते. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्पेन्सर याच वाटेने आणखी पुढे गेला. प्रत्येकास हवे तसे वागण्याची मुभा असावी, मात्र इतरांच्या तितक्याच मुभेला धक्का लागू नये, असे त्याचे सूत्र होते. आणि सरकारने जीवित, मालमत्ता व करार यांचे रक्षण करावे, याहून जास्त ढवळाढवळ करू नये, असे १८८४ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्याने आग्रहाने मांडले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. मिलने आपल्या त्या ग्रंथात हे स्वातंत्र्य मागासलेल्या राष्ट्रांना लागू नाही, असे लिहून ठेवले आहे, आणि त्या राष्ट्रांत त्याच्या मनात हिंदुस्थान होता यात संशय नाही. ज्या कचेरीतून हिंदुस्थानचा कारभार चाले, त्या कचेरीतील मनुष्याने दुसरे काय लिहावे? परंतु ग्रंथ एकदा छापला गेला म्हणजे तो ग्रंथकाराच्या ताब्यात राहत नाही. ज्यांच्यासाठी तो लिहिलेला नव्हता, त्यांनीच तो उचलला. जपानात १८७२ च्या सुमारास त्याचे भाषांतर झाले, चीनमध्ये १९०३ साली झाले, आणि हिंदीत महावीरप्रसाद द्विवेदी यांनी स्वाधीनता या नावाने तो आणला. त्याच्या आधीच पुण्यातील एका फाटक्या सदऱ्याच्या विद्यार्थ्याने तो मूळ इंग्रजीत वाचला होता, आणि हे स्वातंत्र्य आमचेही आहे असे मनाशी ठरविले होते.

डेक्कन कॉलेजात आगरकरांची आणि बाळ गंगाधर टिळकांची गाठ पडली. सरकारी नोकरी न करता लोकशिक्षणास वाहून घ्यावयाचे, असा दोघांनी निश्चय केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, एम. ए. ची परीक्षा आटोपताच आगरकर येऊन मिळाले. जानेवारी १८८१ मध्ये मराठीत केसरी व इंग्रजीत मराठा अशी दोन पत्रे सुरू झाली. केसरीचे पहिले संपादक आगरकर होते, हे आजही पुष्कळांना सांगितल्यावर नवल वाटते.

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या होणाऱ्या छळासंबंधी या पत्रांतून लेख आले. तेथील कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारावर ते लेख लिहिले होते ती न्यायालयात टिकली नाहीत, आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. खटल्याच्या काळात महात्मा जोतीराव फुले यांच्या शब्दावरून रामशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी जामीन दिला होता. विचारांत अंतर असूनही संकटात धावून जाणारी ही पिढी होती. मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात दोघा मित्रांनी एकशे एक दिवस काढले. तेथील हकीकत आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिली. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे विकारविलसित हे रूपांतरही त्यांनी याच काळात सिद्ध केले. सुटका झाली २६ ऑक्टोबर १८८२ रोजी.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. परंतु या सहकाऱ्यांत मतभेद वाढू लागले होते. स्वराज्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, असा हा वाद होता असे आपण सांगतो. ते खरेच आहे, पण पुरते नाही. वाद असाही होता की, परक्या सरकारच्या जुलमाविरुद्ध लढणाऱ्या मनुष्याने आपल्याच लोकांच्या जुलमाबद्दल काय म्हणावे? टिळकांचे म्हणणे, समाज फुटू देऊ नये, परक्या सरकारला घरात शिरकाव देऊ नये, सुधारणा लोकांच्या कलाकलाने व्हावी. आगरकरांचे म्हणणे, बाहेरची बेडी तोडणारा मनुष्य घरातल्या दुबळ्यांच्या पायांत बेडी तशीच राहू देईल, तर ते स्वातंत्र्य कोणाचे? दोघेही निःस्वार्थी होते, म्हणूनच हा वाद इतका कडू झाला.

त्याच वेळी रखमाबाईंचा खटला उभा राहिला. रखमाबाई मुंबईच्या, अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावून दिले होते. मोठे झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. ज्या लग्नास आपली संमती कोणी विचारलीच नाही, ते आपल्यावर बंधनकारक कसे, असा त्यांचा सवाल होता. नवऱ्याने १८८४ साली फिर्याद केली. १८८५ साली पहिल्या न्यायाधीशाने रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली, आणि त्या विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. या प्रकरणात केसरीच्या घरातच दोन मते झाली. आगरकर रखमाबाईंच्या बाजूचे होते. आपल्याला मान्य नसलेली मते आपल्याच संपादकत्वाखाली छापणे त्यांना अशक्य झाले, आणि ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी केसरी सोडला. स्वतःच्या हातांनी वाढविलेले पत्र सोडताना मनुष्यास काय वाटत असेल, हे वाचकांनीच ताडावे.

एक वर्षाने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, सुधारक हे पत्र निघाले. ते साप्ताहिक होते आणि त्यात मराठी व इंग्रजी असे दोन भाग असत. मराठी भाग आगरकरांचा. इंग्रजी भाग गोपाळ कृष्ण गोखले लिहीत. गोखले तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. दिवसा कॉलेजात शिकवावयाचे, रात्री दम्याने बेजार असताना लेख लिहावयाचे, असा आगरकरांचा क्रम होता. हाती सत्ता नाही, पाठीशी पैसा नाही, लोक विरुद्ध. अशा स्थितीत एका लहानशा पत्राच्या बळावर हा मनुष्य सबंध समाजाशी वाद घालू लागला.

सुधारकातील निबंधांची नुसती नावे पाहिली तरी त्यांचा आवाका कळतो. गुलामांचे राष्ट्र, मूळ पाया चांगला पाहिजे, सोवळ्याची मीमांसा, प्रियाराधन. आणि स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे, तेही एकत्र द्यावे, असे सांगणारा तो प्रसिद्ध निबंध. विधवेचे केस कापण्याची उठाठेव इतरांनी का करावी? सोवळ्याने पोषाख ठरतो की हवामानाने? मुला-मुलींनी एकमेकांना पाहून, ओळखून, आपल्या पसंतीने लग्न केले तर कोणाचे काय बिघडते? असे त्यांचे प्रश्न असत. ते देव मानीत नव्हते. पण देव मानणाऱ्याने मानणे सोडावे अशी सक्ती त्यांना नको होती. त्यांना एवढेच हवे होते की, रूढी म्हणून चालत आलेली प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीला लावावी, आणि जी टिकणार नाही ती पाळण्याची जबरदस्ती कोणी कोणावर करू नये. मराठीच्या शिक्षकाने आणखी एक गोष्ट सांगावी ती ही की, वाक्यमीमांसेवर पुस्तक लिहिणारा हा व्याकरणकार होता. लांब वाक्यातही कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी. म्हणून त्यांच्या लेखनात राग आहे पण गोंधळ नाही.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा करावे, एवढाच तो कायदा होता. आज वाचताना अंगावर काटा येतो की, एवढ्यावरून सबंध देश पेटला होता. टिळकांनी विरोध केला, तो बालविवाह चांगला म्हणून नव्हे. मुलींचे सोळाच्या आत व मुलांचे विसाच्या आत लग्न करणार नाही, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी आपण होऊन करावी, असे त्यांनी सुचविले होते. परक्या सरकारच्या कायद्याने आमचा धर्म बदलू नये, हा त्यांचा मुद्दा होता. आगरकरांनी कायद्याला पाठिंबा दिला. तेव्हा साहजिकच प्रश्न निघतो की, व्यक्तिस्वातंत्र्याचा हा कैवारी सरकारी कायद्याच्या बाजूस कसा गेला? सरकारने घरात डोकावू नये, असे स्पेन्सर सांगतो ना?

येथेच मघाचा मिलचा नियम कामास येतो. दहा वर्षांची मुलगी स्वतंत्र नसते. तिने संमती दिली या म्हणण्याला अर्थ नसतो. तिच्यावर सक्ती आधीच झालेली असते आणि ती घरच्यांनी केलेली असते. कायदा तिच्या स्वातंत्र्यावर घाला घालीत नाही. तिच्यावर पडणारा घाला अडवितो. म्हणून या बाबतीत आगरकर स्पेन्सरच्या मागे शेवटपर्यंत गेले नाहीत. ग्रंथकार कितीही मोठा असो, त्याचे वाक्य पोथीसारखे पाठ करावयाचे नसते, तर आपल्या घरातील माणसाच्या दुःखाशी ताडून पाहावयाचे असते, हे त्यांनी दाखवून दिले. एक पोथी टाकून दुसरी उचलणारे सुधारक पुष्कळ झाले. आगरकर तसे नव्हते.

या सर्वांचे फळ त्यांना काय मिळाले? शिव्याशाप मिळाले, घरीदारी कुचेष्टा झाली, आणि पुण्याच्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. मिलने वर्णन केलेला समाजाचा जुलूम तो हाच. न्यायाधीश नाही, आरोपपत्र नाही, तुरुंग नाही. आणि तरी शिक्षा भोगावयाची. डोंगरीच्या तुरुंगास निदान एकशे एक दिवसांची मुदत होती. या तुरुंगास मुदत नव्हती. आगरकरांनी त्यावर एकच उत्तर दिले. पुढच्या आठवड्याचा अंक वेळेवर काढला.

ऑगस्ट १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे वारले आणि आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. परंतु दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला. वयाची एकोणचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे एका पुरचुंडीत बांधून ठेवले होते, म्हणजे आपल्या प्रेताचा भार कोणावर पडू नये, अशी हकीकत सांगितली जाते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे कडाक्याचे वाद झाले, त्या मित्राने, टिळकांनी, केसरीत मृत्युलेख लिहून त्यांचा गौरव केला.

मनुष्य गेला, तरी लिहिलेले मागे राहिले. त्यांच्या निबंधांचे संग्रह निघाले, शाळा-कॉलेजांत लागले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८० नंतरच्या दशकात त्यांचे समग्र वाङ्मय तीन खंडांत प्रसिद्ध केले, म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी ते संपादित केले. याच देशपांड्यांनी १९९० साली नागपुरास एक मासिक काढले. त्याचे नाव आधी नवा सुधारक व पुढे आजचा सुधारक असे होते. शंभर वर्षांनी एखाद्या पत्राचे नाव कोणी पुन्हा उचलावे, याहून संपादकाचे मोठे स्मारक कोणते? आमच्या शाळेच्या कपाटात आगरकरांच्या निबंधांची एक पिवळी पडलेली प्रत होती. तिची पहिली काही पाने फाटली होती. तिच्यावरूनच आम्ही पुष्कळ वर्षे शिकविले.

आता एक कबुली द्यावयाची आहे, आणि ती दिल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी नोकरीस होतो. तेथे आपल्याच ज्ञातीतील एका सद्गृहस्थांच्या मुलीने परज्ञातीतील तरुणाशी लग्न केले. मुलगी शिकलेली, वयात आलेली, मुलगा निर्व्यसनी व नोकरदार. कोणी ठराव केला नाही, कोठे कागद झाला नाही. फक्त एका घरून दुसऱ्या घरी निरोप गेला की, त्यांच्याकडे कोणी जावयाचे नाही. पुढे त्या गृहस्थांची वृद्ध आई वारली. तेराव्याचे जेवण होते. पन्नास पाने मांडली होती, असे मागाहून कळले. जेवावयास परज्ञातीचे शेजारी तेवढे आले. आम्हांसही बोलावणे होते. आम्ही गेलो नाही. घरात बसून राहिलो. आमच्या बहिणीचे लग्न जमावयाचे होते, आणि निरोप मोडला तर आपलीही पाळी येईल, ही भीती होती. वर्गात आगरकर शिकवून पगार घेणारे आम्ही, एका पानावर बसण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागावी असे पुष्कळदा मनात आले, पण तेही राहून गेले.

कोणी म्हणेल, कोणाकडे जेवावयास जावे हे ज्याचे त्याने ठरवावे, हेही स्वातंत्र्यच नव्हे काय? आहे. मिलनेही ते मान्य केले आहे. जो आवडत नाही त्याची संगत टाळण्याचा हक्क प्रत्येकास आहे. पण स्वतःच्या मनाने न जाणे निराळे, आणि कोणीच जाऊ नये म्हणून निरोप फिरविणे निराळे. पहिल्यात एकाचे स्वातंत्र्य आहे; दुसऱ्यात सर्वांचे जाते. ज्याच्याकडे जावयाचे नाही त्याचे तर जातेच, पण ज्याला जावेसे वाटते त्याचेही जाते. त्या दिवशी आम्ही आमच्या मर्जीने घरी बसलो नव्हतो. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि तो २०१७ पासून अंमलात आला; बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा झाला हे उत्तम झाले. परंतु जो बहिष्कार कागदावर येत नाही, ज्याला साक्षीदार मिळत नाही, तो कायद्याने पुरता जाणार नाही. तो एकेका घरानेच मोडावयाचा आहे.

ज्ञातिसंस्था म्हणजे वाईटच, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. आपल्या मंडळाने गरीब विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या, शहरात शिकावयास गेलेल्या मुलांची राहण्याची सोय केली, आजारपणात मदत केली. माणसे आपण होऊन एकत्र येतात आणि एकमेकांस हात देतात, यात स्वातंत्र्याला बाध नाही. उलट स्वतंत्र माणसांची तीच शोभा आहे. बाध येतो तो हात देणारा हात मान धरू लागला म्हणजे.

आपल्या मंडळाची नवी कुटुंबसूची तयार होत आहे. मागील सूचीत ज्या घरांतील मुलामुलींनी परज्ञातीत लग्ने केली, त्यांची नावे गळली आहेत, असे आमच्या पाहण्यात आले. ती चुकून गळली असतील असे आम्ही समजतो. नव्या सूचीत ती घालावीत, आणि त्या घरांस या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण जावे, एवढी विनंती आम्ही या लेखाच्या निमित्ताने कार्यकारी मंडळास करतो. यावे की न यावे हे ती मंडळी ठरवतील. तो त्यांचा अधिकार आहे. आली, तर त्यांच्या पंगतीला बसण्यासाठी आम्ही या वेळी वेळेच्या आधी हजर राहू.

परज्ञातीच्या पुरुषाचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता वाचकांस मिळाले असेल. लेखात काही उणे-अधिक झाले असल्यास वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी, ही प्रार्थना.